आपण कपमधून बाहेर पडेपर्यंत

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: घाबरायचं नाही. एकच केलाय, म्हणजे पाळता येईल.

तशी मी घाबरट नाहीच. माझा नवरा लिंडन एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि सॉल्टरिगच्या रग्बी लीग संघात प्रॉप आहे. म्हणजे धावत येणाऱ्या शंभर किलोच्या माणसाला अंगावर घेऊन पाडायचं, हे त्याचं काम. गेल्या मोसमात दोनदा डोक्याला मार लागला. दुसऱ्या वेळी घरी येऊन त्यानं विचारलं, मिली कुठाय? मिली आमची कुत्री. तिला जाऊन चार वर्षं झाली. मागाहून म्हणाला, गंमत केली. त्याला गंमत करायची सवय आहेच.

करार झालाय. क्लब कपमधून बाहेर पडेल त्या दिवशी लिंडनचे बूट खिळ्याला, खेळणं कायमचं बंद. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून सही घेतली. त्याला वाटतंय, बायको मनानं मोठी. अकरा वर्षं आपण पहिल्याच फेरीत हरतोय, हे तो हिशेबात धरत नाही. कपमध्ये एकदा हरलं की बाद, दुसरी संधी नाही. मला कपचं तेवढंच आवडतं.

पहिली फेरी ११ तारखेला. नऊ दिवस राहिले. नऊ दिवस कोणीही काढेल.

११ जानेवारी, सकाळी
डोक्याला मार लागला की फिजिओ मैदानावरच पाच प्रश्न विचारते. कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ? शेवटचे गुण कोणी केले? मागचा सामना कोणाशी? जिंकलो का? शेवटचे दोन मी घरी विचारते, अंडी उकडताना, सहज विचारल्यासारखे. सामन्याच्या दिवशी लिंडन उठल्या उठल्या मनगटाला पट्टी बांधतो. ती सारखी करता करता त्यानं दोन्ही उत्तरं दिली. बरोबर. काळजीचं काही कारण नाही.

११ जानेवारी, संध्याकाळी
जिंकलो. १८-१६.

चहाच्या टपरीत मी आणि मॉरीन. ती आमच्या कोचची, नोएलची आई. शहात्तर वर्षांची. टपरीची खिडकी मैदानाकडे उघडते, पण मी मैदानाला पाठ करून उभी राहते, कारण चहाच्या पाण्याच्या बंबाकडे लक्ष ठेवावं लागतं. खेळ मला कानानं कळतो. सगळं स्टँड एकदम "ऊफ" करून गप्प झालं की कोणीतरी पडलंय. मग ती शांतता संपेपर्यंत मी साखरेच्या पुड्या मोजते. आज दोनदा मोजल्या. एकेचाळीस, मग सहासष्ट.

मॉरीन म्हणाली, "अगं जिल, तू पाठ फिरवलीस म्हणून काही तो मैदान सोडून घरी येणार नाही."
मी म्हटलं, बंब आवाज करतोय, बघावं लागतं.
"बंब केव्हाचा बंद आहे," ती म्हणाली.

१४ जानेवारी
दुसऱ्या फेरीचा ड्रॉ. पिशवीतून चेंडू काढतात. एका संघाला बाय मिळाला, न खेळताच पुढे. लिंडनला हेवा वाटला. म्हणाला, आपल्याला बाय मिळाला असता तर गुडघ्याला आराम झाला असता. आपल्याला यॉर्कशरच्या एका खाणगावाचा संघ आलाय, इथेच आपल्या मैदानावर. तरुण पोरं, गेल्या वर्षी कोणाशी हरली नाहीत.

देवाला काळजी.

२३ जानेवारी
तरी थोडा हातभार लावलेला बरा.

संघाचे कपडे माझ्याकडे धुवायला असतात. नोएलच्या गळ्यातला टॉवेल त्यात कधीच येत नाही. चौदा वर्षांपूर्वी धुतला होता, तेव्हा क्लब ओळीनं सात सामने हरला. तेव्हापासून त्याला पाणी लागलेलं नाही. आज तो माझ्या मशिनमध्ये आला. कसा आला ते इथेही लिहीत नाही. साठ डिग्रीवर, दोनदा, लॅव्हेंडर घालून.

शिवाय परवा सामन्याआधी संघाला टेटी-पॉट वाढणार. मटण, बटाटे, वर ब्लॅक पुडिंगच्या, म्हणजे रक्ताच्या सॉसेजच्या, जाड चकत्या. ते खाऊन आजवर कोणी धावलेलं नाही.

२५ जानेवारी
१०-८. जिंकलो.

पाहुण्यांची बस दीड तास आधी आली. पोरं गारठली होती. मॉरीननं माझा टेटी-पॉट त्यांना वाढून टाकला. पाहुणे आधी, ही इथली रीत. दोन-दोन ताटं खाल्ली त्यांनी. आपली पोरं चहावर खेळली.

नोएलनं म्हणे टॉवेल हुंगला आणि परत गळ्यात टाकला. मग संघाला म्हणाला, "नशीब धुतलं गेलं, पोरांनो. आता खेळावं लागणार." आणि खेळले.

शेवटच्या पंधरा मिनिटांत "ऊफ". एकशे बारा पुड्या. लिंडन होता. फिजिओनं पाच प्रश्न विचारले, त्यानं खाली बघत पाचही सांगितले आणि परत मैदानात.
"बघ," मॉरीन म्हणाली, "त्याचं डोकं तुझ्या बंबापेक्षा बरं चालतं."
मी हसले. मग बंब पुसला. स्वच्छच होता.

२६ जानेवारी
कपडे धुताना लिंडनच्या जर्सीच्या बाहीत पट्टीचा तुकडा चिकटलेला मिळाला. आतल्या बाजूनं पेननं लिहिलेलं. सॉल्टरिग, घरचं मैदान. मागचा सामना कोणाशी, ते. जिंकलो, १८-१६. अगदी बारीक, शाळेतल्यासारखं अक्षर.

पहिल्यांदा वाटलं, किराण्याची यादी असेल.

सगळेच खेळाडू लिहीत असणार. लिहून ठेवणं हे हुशार माणसाचं लक्षण आहे. मीसुद्धा हे लिहितेच आहे की. तरीही मंगळवारी फिजिओला सांगणार. नक्की.

२८ जानेवारी, मंगळवार
तिसऱ्या फेरीत व्यावसायिक क्लब आलाय. पगार घेऊन खेळणारे, आणि येणार आपल्याकडे. खाटकानं गावाला सॉसेज फुकट वाटले. लिंडन ड्रॉ बघताना रडला. लग्नात रडला नव्हता.

ठरल्याप्रमाणे सरावाच्या वेळी फिजिओकडे गेले. तिच्या डोळ्यांतही पाणी. म्हणाली, "जिल, यासाठी ही माणसं जन्मभर चिखलात लोळतात गं." मी तिला चहा दिला. साखर किती, विचारलं. तेवढंच विचारलं.

८ तारखेला हरणार हे नक्की. अकराच दिवस. आता सांगून त्याचा मोठा दिवस कशाला हिरावायचा?

८ फेब्रुवारी
हरलो. ६२-४.

शेवटी शेवटी असा आवाज आला, जो मला ओळखता येईना. म्हणून मागे वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लिंडनकडे चेंडू होता. तीन माणसं त्याच्या अंगाला लोंबत होती आणि तो पुढे सरकत होता, आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग हात लांब करून चेंडू रेषेपलीकडे टेकवला. आपले चारच गुण, आणि ते त्याचे. म्हातारी माणसं कुंपणावर चढली होती. मॉरीन म्हणते, मी "सोडा त्याला" म्हणून ओरडत होते. मला आठवत नाही.

सामना संपल्यावर तो टपरीत आला, बूट काढले आणि स्वतःच्या हातानं आमच्या खिळ्याला अडकवले. मॉरीननं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी वाफेत तोंड घालून उभी राहिले.

कपमधून बाहेर. भीती संपली. संकल्प पुरा, फेब्रुवारीतच. गोड पुडिंगच्या तीन वाट्या खाल्ल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
साडेआठला लिंडन खाली आला. बॅग भरलेली. जिन्याखाली बूट शोधत होता. मला वाटलं, गंमत करतोय. अंडी गॅसवर होती, म्हणून सहज विचारलं, मागचा सामना कोणाशी?

त्यानं मनगट वर केलं. पट्टी नव्हती. नुसत्या मनगटाकडे बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "जिल, या फेरीत आपल्याला कोण आलंय?"

मी म्हटलं, "बाय. या फेरीत आपल्याला बाय मिळालाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "गुडघ्याला आराम." बॅग खाली ठेवली, बसला, टोस्ट मागितला.

डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलाय. सोमवारी आठ वाजता फोन. गंमतच असणार. तरी फोन करणार.

घरात साखरेच्या पुड्या नसतात. टोपलीतली अंडी मोजली. सहा. परत मोजली.