डब्यातली कुपनं

शनि. १० जाने.
बाजारात आज माझं टेबल लागलं. गरजूंना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेची कुपनं आजवर फक्त ग्रोसरीत चालायची, तांदूळ-डाळ-तेल. आता शेतकरी बाजारातही चालणार. पालक, काकडी, अंडी. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "डॉमनिकजी, आप बैठो. आपको सब पहचानते हैं." तीच तर पंचाईत. ओळखीचं कुणी फिरकलं नाही.

मंगळ. १३
समोरच्या सलमाभाभींच्या नवऱ्याची, इक्बालची, नोकरी गेली. वॉचमनकडून कळलं. भाभींनी चकार शब्द काढला नाही. उलट संध्याकाळी डबा घेऊन हजर, सुरमईचं सालन. "भाऊ, मीठ बघा हां, घाईत केलंय." बायको, मेरी, गेल्यापासून घरचं जेवण म्हणजे हेच. आणि इथे आखातात मराठी बोलायला बिल्डिंगमध्ये हे एकच दार. मुलाचा फोन येतो, तोही इंग्लिशमध्ये.

बुध. १४
डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही. एरवी खजूर नाहीतर केळी घालतो. आज वाटलं, तोंडावर विचारलं तर नकोच म्हणतील. मॅडमना विचारून कुपनं घेतली, पाकिटात घालून डब्यात ठेवली. इक्बालने दार उघडलं, डबा घेतला. स्वतःच्या हुशारीवर खूश.

रवि. १८
डबा नाही. लिफ्टमध्ये भाभी भेटल्या, मोबाइलमध्ये बघत राहिल्या.
आता डोक्यात प्रकाश पडतोय. त्यांनी शेजारी म्हणून खाऊ घातलं, मी दान धाडलं. गाढव आहे मी. माफी मागायला गेलो. आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली तसा बंद झाला. दार उघडलं नाही.

शनि. २४
भाभी बाजारात आल्या. मला बघून मागे फिरतील वाटलं. सरळ टेबलाशी आल्या, कुपनं पुढे धरली.
"भाईसाब, ये अंडे पे चलेगा क्या?"
भाऊ नाही, मराठी नाही. कुणाशी बोलतायत, क्षणभर कळेना. मग मीही म्हणालो, "हाँ जी, सामनेवाला स्टॉल." पालक, अंडी, टोमॅटो घेऊन गेल्या. बरं वाटलं. फार वाईटही वाटलं.
मॅडम आज खुशीत. शहराबाहेर खलिफा सिटीतही टेबल लावायचंय. "यल्ला, चलो डॉमनिकजी, उधर आप संभालो, इधर दूसरा बिठाते हैं." मी तिकडे गेलो तर भाभींना इथे येणं सोपं जाईल. कळतंय. पण मग तेवढं हिंदीसुद्धा कोण बोलणार माझ्याशी.
मॅडमना अजून काही कळवलेलं नाही.