निवांत काका

१ फेब्रु., रवि.
आजची कमाई: जुनं सामान विकायच्या साइटवर ट्रेडमिलची जाहिरात. 'उत्तम स्थितीत. फक्त कपडे वाळत घालायला वापरली.' लगेच श्वेताला पाठवली. तिचं उत्तर, "घेऊन टाक, पावसाळ्यात कामाला येईल." लॅबच्या काउंटरवर आम्ही दोघी शेजारी बसतो, तरी असलं सगळं फोनवरच पाठवतो. तोंडी सांगितलं की मजा जाते.

काकांच्या सायलीच्या लग्नाची पत्रिका आली. कुरियरने! त्यांचं चांदीप ते आमचं चंदनसार. काका स्कूटर घेऊन निघाले असते तर चहा गार व्हायच्या आत पोचले असते. आई म्हणाली, "घरचं कोणी बोलवायला आलं नाही, आपण जायचं नाही." पप्पांनी पत्रिका दोनदा वाचली, टीव्हीखाली ठेवली. 

काकांनी चांदीपच्या घरामागची विहीर बुजवून तिथे भाड्याने द्यायला गाळे बांधले, पप्पांना न विचारता. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. पप्पांना आजही विचारलं तर एवढंच सांगतात, "गोड पानी होतं." 

५ फेब्रु., गुरु.
हळद. मी हाफ डे घेऊन आले तर पप्पा अंघोळ करून निळा चौकड्यांचा शर्ट घालून तयार. आई स्वयंपाकघरातून भांडी आपटत होती.
"सायली माझ्या खांद्यावर वाढली. मी चाललो. तुमी यायचं तर या."
गेलो तिघंही. 

सायली धावत आली, पप्पांना मिठी मारली, शर्ट पिवळा झाला. तेवढंच. काकी माझ्याशी बोलली, आईशी अर्धं बोलली. काका लांबून बघून आत गेले. बाकीचे पाहुणे पप्पांपाशी बसायला घाबरत होते की काय. बसावं तर काकांना राग यायचा.

बेंजो सुरू झाल्यावर सगळा मांडव नाचायला उठला. पप्पा मधोमध खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसले होते. उठले नाहीत. जेवले शांतपणे. मी बायकांच्या बाजूने बघत होते. जाऊन शेजारी बसावं असं वाटलं, पण मधे नाचणाऱ्यांची भिंतच.

परत येताना पप्पा: "मटन चांगलं झालं होतं."
आई: "वडे कच्चे होते."
उद्याच्या लग्नाला जायचं नाही, असं ठरलं.

९ फेब्रु., सोम.
ऑनलाइन चादरीच्या जाहिरातीखालचा रिव्ह्यू: 'चादर सुंदर, रंग सुंदर, कापड सुंदर. नवऱ्याला आवडली नाही म्हणून एक स्टार कमी केला.' स्टार नवऱ्याचा कमी करायचा ना बाई.

आईच्या सिरियलमधल्या नायिकेची स्मृती परत गेली. आई म्हणते, तिला डॉक्टर बदलायला हवा. हिला सल्ला विचारायला कोणीतरी नेमा.

१२ फेब्रु., गुरु.
श्वेताने व्हिडिओ पाठवला, वर लिहिलेलं, 'मेले हसून.'
लावला. मांडव, बेंजो, नाचणारी माणसं. एकाचा पाय खुर्चीला लागतो, खुर्ची हलते, त्यावर बसलेला माणूस ताट सांभाळतो, भाकरीचा तुकडा मोडतो, रश्शात बुडवतो, खातो. एकजण त्याच्या डोक्यावरून ओढणी फिरवतो. हा घास चावतोय. चेहऱ्यावर काहीही नाही. खाली लिहिलंय: 'ऑफिसमध्ये आग लागलीय. मी:'
निळा चौकड्यांचा शर्ट. पिवळा डाग.
मला हसू आलं. खरंच आलं, आधी तेच आलं. मग फोन उलटा ठेवला.
श्वेताला सांगितलं, हे माझे पप्पा. तिने व्हिडिओ डिलीट केला आणि मला वडापाव आणून दिला. वडापावने काय होतं, पण खाल्ला.

१४ फेब्रु., शनि.
सगळीकडे तेच. 'सासू-सुनेचं भांडण चालू. मी:' 'बॉस ओरडतोय. मी:' नाव पडलंय निवांत काका. स्टिकरही निघाला, पप्पा घास घेतायत आणि खाली 'आपल्याला काय'. लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या बाईंनी मुलाला तोच स्टिकर पाठवला, माझ्यासमोर.

ज्या पेजवर आधी आला, त्यांना मेसेज केला: हे माझे वडील आहेत, कृपया काढा.
उत्तर: 'ताई, काका लेजेंड आहेत! क्रेडिट देऊ का?'
परत लिहिलं, नको, काढा.
'ताई, आता सगळीकडे गेलाय. आम्ही काढून काय होणार?'
हे मात्र खरं आहे.

कमेंट वाचत बसले. वाईट कोणीच लिहिलेलं नाही. सगळ्यांना पप्पा आवडतात. 'असं जगायचं.' 'टेन्शन फ्री माणूस.' पप्पा! ज्यांना बीपीच्या दोन गोळ्या लागतात. एकाने लिहिलंय, 'बहुतेक कोणी बोलत नाहीये त्यांच्याशी.' त्याच्याखाली सगळे हसलेत. त्याहून खाली, सायली. तिचं लग्न होऊन जेमतेम आठवडा झालाय. 'हे माझे मोठे बाबा. माझ्या हळदीला आले होते. हसा हवं तर, पण नाव नीट घ्या.'
तिला कोणीच उत्तर दिलेलं नाही. मी बदाम टाकला.

१६ फेब्रु., सोम.
आईला कळलं, भाजीवालीकडून. आई रडेल असं वाटलेलं. ती चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर: "एवढ्या माणसात एकालाही त्यांना पाणी विचारावंसं वाटलं नाही?"
पप्पांना सांगायचं नाही असं दोघींचं ठरलं.

१९ फेब्रु., गुरु.
ठरवून काय उपयोग. पप्पा दूध घेऊन आले. "मला सगळे निवांत का म्हनतात गं? खाली चेअरमनपन म्हनला, काय निवांत काका."
आईने माझ्याकडे बघितलं. मी फोन दिला.

पप्पांनी चष्मा लावून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावलं. "परत." मला वाटलं, झालं, बीपी वाढणार. म्हटलं, "पप्पा, लोक वाईट नाही हसत तुम्हाला, खरंच."
"ते जाऊ दे. हे मागे कोन आहे?"

मी कितीदा बघितला असेल हा व्हिडिओ. मागे बघितलंच नव्हतं. मागे काका आहेत. हातात मटणाची बादली, दुसऱ्या हातात डाव. पप्पांच्या खुर्चीमागे येतात, थांबतात. नाचणाऱ्यांचा धक्का लागतो तरी तिथेच उभे. डाव बादलीतून वर काढतात. मग परत आत ठेवतात. वाढप्याला हाक मारतात, बादली त्याच्या हातात देतात, पप्पांच्या ताटाकडे बोट दाखवतात आणि जातात. पुढे वाढपी येऊन पप्पांना वाढतो. पप्पा मान न वळवता ताट पुढे करतात.

पप्पांनी ते पाचसहा वेळा लावायला लावलं. मग चष्मा काढून पुसला.
"मला वाटलं पोरगा आपनहून आला."
"तुमची पाठ होती तिकडे."
"नळीची हाडं वाढलेली मला. दोन." मग, "त्याला ठाऊक आहे मला नळी लागते."
आईने कधी नव्हे ते सिरियल बंद केली.

२० फेब्रु., शुक्र.
 पप्पा संध्याकाळी खाली बाकावर बसून होते. एका कॉलेजच्या मुलीने सेल्फी मागितला, दिला म्हणे. फोटोत तेच तोंड. आई म्हणते, लग्नातही यांचं हेच तोंड होतं, अल्बम बघ.

२१ फेब्रु., शनि.
"मने, तो माझा फोटो पाठवायचा असतो ना, खाली आपल्याला काय लिवलेला. तो कसा पाठवतात?"
"कोणाला पाठवायचाय?"
"तू शिकव फक्त."
शिकवलं. त्यांनी नंबर स्वतः शोधला. नाव अजून 'धाकटा' असंच आहे फोनमध्ये. शेवटचा मेसेज सहा वर्षांपूर्वीचा, तो मी वाचला नाही, पप्पांनी त्यावर अंगठा धरला होता.
स्टिकर गेला. पप्पा घास घेतायत, 'आपल्याला काय'.
मी म्हटलं, "पप्पा, याचा अर्थ तुम्हाला काही पडलेली नाही असा होतो."
"होऊ दे. त्याला कळेल."
"आणि नाही कळलं तर?"
पप्पांनी फोन बंद करून खिशात टाकला. मग परत काढून बघितला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
आई पोळ्या लाटता लाटता, "विहीर बुजवली ती बुजवलीच ना त्यांनी."
पप्पा: "हो. बुजवलीच."

२२ फेब्रु., रवि.
सकाळपासून पप्पा दहा वेळा फोन बघतायत. चार्ज भरलेला असूनही परत चार्जिंगला लावला.
मी विषय बदलायला त्यांना नवीन सापडलेलं दाखवलं: पोहण्याच्या क्लासची जाहिरात, खाली लिहिलंय 'घरबसल्या शिका'. हसले नाहीत.

आत्ता फोन वाजला. पप्पांनी स्क्रीनकडे बघितलं आणि उचलून सरळ गॅलरीत गेले. जाताना मागे काचेचं दार ओढून घेतलं.
आई: "कोणाचा?"
मी: "काकांचा असेल."
आईने गॅस बारीक केला.
काचेतून पप्पांची पाठ दिसतेय. फोन कानाला. बोलत नाहीयेत, नुसतं ऐकतायत. एक हात कठड्यावर. मधे एकदा मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मागून कळलं नाही.
आई विचारतेय, "चहा टाकू?"
म्हटलं, थांब जरा.