ताई सगळ्यांच्या वतीने बोलतात

३ जून
सदाशिव पेठेत खोली मिळाली आणि वारज्याच्या हॉस्पिटलात कामही! गळ्यात ओळखपत्र: पूर्वा, शिकाऊ रुग्णमित्र. डॉक्टरांचं म्हणणं पेशंटला सोपं करून सांगायचं, पेशंटचं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. शिकवायला विजयमालाताई आहेत. त्यांनी आल्या आल्या बजावलं, उभ्याने बोलायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं, आधी ऐकायचं. किती गोड बाई!

६ जून
मुळशीकडच्या सोजरबाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. "मला हाय तशी घरी धाडा," डॉक्टरांना ठणकावत होत्या. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या वतीने मी बोलू का?" बाईंनी मान डोलावली. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, बाई तयार आहेत. बाई नुसते ओठ हलवत राहिल्या. घसा बसला असावा.

९ जून
सोजरबाईंची तपासणी झाली, घशात दोष नाही. तरी आवाज नाही. शेजारच्या खाटेवरचे अनंतराव काल नर्सला विचारत होते, अहो, हा चहा आहे की काढा? मग ताई त्यांच्यापाशी बसल्या. आज तेही गप्प. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, पेशंट शांत झाला म्हणजे आपलं काम झालं.
मला काही हे पटलं नाही.

११ जून
दुपारी जिन्यात सोजरबाईंचा आवाज ऐकला. आनंदाने धावले. बाई नव्हत्या. ताई होत्या, फोनवर बाईंच्या मुलाशी बोलत. त्या आवाजात. मी बरी हाय, येऊ नगंस –
मला पाहिलं त्यांनी.

१२ जून
सोजरबाईंच्या मुलाला फोन केला. आईला बघायला उद्या याच, म्हटलं. मागे वळले तर ताई. ओरडायचं होतं. त्यांनी हात धरला. घाबरलीस गं, म्हणाल्या, तुझ्या वतीने मी बोलू? नाही म्हणायला मान हलवली – पण ती होकाराची डोलली –

१३ जून
आवाज नाही.
मुलगा आला. मला विचारलं, मॅडम, तुम्हीच बोलावलंत ना? मी नुसते ओठ हलवले. ताई माझ्या मागे उभ्या होत्या. माझ्याच आवाजात म्हणाल्या, गैरसमज झाला माझा, आई बऱ्या आहेत, आत्ता झोपल्यात. तो माझ्याकडे बघून हसला, गेला. बाईंना ऑपरेशनला आत नेताहेत. तो अजून पार्किंगमध्ये आहे, खिडकीतून दिसतोय. हे पान त्याला –
ताई दारात. हात पुढे केलाय. म्हणताहेत, दे, त्याला मी वाचून दाख