वेशीत अडलेल्या घोंगड्या

वडनेर, कार्तिक शुद्ध दशमी, १९६२

रागानं अक्षर वाकडं येतंय. चीनच्या सरहद्दीवर आपले जवान बर्फात उभे आहेत, आणि त्यांच्यासाठी गावानं दिलेल्या घोंगड्या इथं शाळेच्या ओसरीवर पडून आहेत!

आज दुपारी त्या नांदुऱ्याला रेल्वेत चढवायच्या होत्या. दोन बैलगाड्या भरल्या. एक सत्तेतल्या पक्षाच्या वामनची, दुसरी विरोधातल्या किसनची. आणि वेशीतून आधी कोण निघणार, यावर दोघंही अडून बसले. पोळ्याला तोरणाखालून मानाची जोडी पुढं जाते ना, तसा मान हवा होता दोघांना.

"मले काऊन मागं ठेवता, गुरुजी? लोकायनं मले निवडून देलं," वामन म्हणाला.

"निवडून देलं म्हणून वेस तुह्या बापाची झाली काय बे?" म्हणत किसननं आपली गाडी आडवी घातली.

हे मिटेपर्यंत रेल्वे निघून गेली.

दोघंही माझेच विद्यार्थी. एका बाकावर बसून एकीची कविता काय गोड म्हणायचे! डोळे मिटले की अजून ते कोवळे आवाज ऐकू येतात. मग मी नुसती चालच शिकवली का? अर्थ कुठं सांडला?

त्या घोंगड्या... कोणत्या पक्षाची म्हणून कुडकुडणारा जवान विचारणार आहे का?

उद्या गाड्या नकोतच. प्रत्येकानं एकेक घोंगडी खांद्यावर टाकून नांदुऱ्यापर्यंत चालायचं, असं घरोघर सांगून आलो. वामनला, किसनलाही. मी सगळ्यांच्या मागं चालणार. पुढं कोण आहे, ते मला बघायचंच नाही.