मैना कामावर हाय

सोम. ६ जाने.
सकाळची आठची इंदापूर-बारामती एस.टी. सणसरला पकडली. जागा एकच, खिडकीशी बसलेल्या एका बाईशेजारी. बसलो तर पायाला ऊब लागली. वाकून बघतो तर बाकाखाली काळी कुत्री. लॅब्राडोर. अंगावर चामडी पट्टे बांधलेले, पट्ट्यांना धरायला दांडा. एवढी निगा राखलेली कुत्री तालुक्यात दुसरी नसंल. हात आपोआप गेला.
"काका, हात लावू नका. ती कामावर आहे."
बाई समोर बघूनच बोलली. दांडा हलला म्हणून तिला कळलं. तिला दिसत न्हाय, हे मला नंतर कळलं.
बत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. चावऱ्या कुत्र्यांच्या जबड्यात हात घातलाय. गावात अजून डॉक्टर म्हणतात, डॉक्टर नसलो तरी. आन् मला हात लावू नका. शिवाय कुत्री घोरत होती. कसलं काम ते.
सगळ्या गाडीनं ऐकलं.

मंगळ. ७
दोन बाक मागं बसलो. कंडक्टरबाईनं माहिती दिली. अश्विनी मॅडम, इंदापूरच्या. बारामतीला कॉलेजात इतिहास शिकवतात, या महिन्यापासून. कुत्रीचं नाव मैना. कुत्रीला पाखराचं नाव ठेवलंय, ठेवू दे.
बघत बसलो. कॉलेजच्या पोरी, मग चपाती देणारी एक बाई, मग फोटो काढणारा. भवानीनगरला चढलेल्या म्हातारबानं खंडोबाचं कुत्रं म्हणून मैनाच्या पाया पडून कपाळाला भंडारा लावला. मॅडमनी रुमालानं पुसला. तेवढंच वाक्य दर खेपेला, आवाज न चढवता. बारामतीपर्यंत अकरा वेळा.
मी मोजत होतो म्हणून कळलं. त्या मोजत नसतील. कंटाळा येत असणार.

बुध. ८
शालनला सगळं सांगितलं. बायको म्हणून माझी बाजू घेईल वाटलं. भाकरी थापत म्हणाली, "लोकांच्या लेकरांचं गालगुच्चं घेता का न्हाय तुमी, न विचारता?"
"घेतो."
"ती रडत्यात का न्हाय?"
विषय बदलला. म्हशीचा काढला.

शुक्र. १०
लिहू का नको. लिहितो.
बारामती स्टँड. मॅडम उतरत होत्या, मैना एक पायरी पुढं. मी मागं दारात. मैनाचं कान बघून ऱ्हावलं न्हाय. हात न्हाय लावला. नुसतं च्यक च्यक केलं, जनावराला बोलावतो तसं. खिशात बिस्किट होतं.
मैनानं मान वळवली. एवढंच. पण मॅडमचा पाय त्याच वेळी पायरीवर. दांडा फिरला आन् त्या हातावर पडल्या.
लोकांनी उठवलं. त्यांनी आधी मैनाला चाचपलं, मग स्वतःचं मनगट. विचारलं, "आवाज कुणी केला?"
कुणी बोललं न्हाय. मी तर सगळ्यात जवळ होतो. मीबी न्हाय.
दुकानावर गेलो. आपल्या ओळखीच्यानं जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलंय, तितं दुपारपर्यंत बसतो. आज एकाला जंताच्या जागी गोचिडाचं औषध दिलं. त्यानं बाटलीवरचं नाव वाचलं म्हणून बरं.

शनि. ११
मॅडम गाडीत न्हायत. कंडक्टरबाई म्हणाली मनगट मुरगळलंय. तिनं आपणहून सांगितलं, मी विचारायच्या आधी. माझ्याकडं बघून सांगितलं का काय.
शालनला बोललो न्हाय. जेवण गेलं न्हाय. पोटात गॅस हाय म्हणालो. तिनं ओवा दिला, खावा लागला.

मंगळ. १४, संक्रांत
आल्या. उजव्या मनगटाला पट्टी. शेजारची जागा रिकामी होती, जाऊन बसलो. सांगायचं ठरवूनच.
पण संक्रांत. बायका चढल्या त्या डबे घेऊनच. मैनाला तिळगूळ. म्हणलं आपण हितंच उपयोगी पडू. एकीचा हात धरला, दुसरीचा डबा झाकला, तिसरीला गोड बोलायच्या दिवशी असं बोललो की ती काटेवाडीपर्यंत रडक्या तोंडानं बसली. एक लाडू मैनापर्यंत पोचू दिला न्हाय.
सांगायचं राहिलं.

गुरु. १६
पुठ्ठ्याची पाटी केली. मॅडमच्या बाकाला मागनं अडकवली.
"सूचना. ही कुत्री कामावर आहे. हात लावू नये, खाऊ घालू नये, पाया पडू नये. हुकुमावरून."
शालन म्हणाली, हुकूम कुणाचा? म्हणलं, तसं लिहावं लागतं.
परिणाम उलटा. ज्यांना कुत्री हाय हेच ठाऊक नव्हतं ती वाचायला आली. वाचायला वाकली, वाकल्यावर कुत्री दिसली, दिसल्यावर हात गेला. एक जण "पाया पडू नये" वाचून म्हणाला, म्हंजे पडत्यात वाटतं, आन् पडला.

शुक्र. १७
मॅडमना पाटीचं कळलं. कुणीतरी मोठ्यानं वाचली. काढायला लावली.
म्हणाल्या, "काका, काल चार जणांनी तुम्हांला विचारलं, यांना कुठं उतरायचंय. मी शेजारीच होते. तुम्ही चौघांनाही उत्तर दिलंत."
खरं हाय. दिलं. आवडलं पण होतं मला.
"मैनाला हात लावू नका, हे मी सांगू शकते. मला पहारेकरी नको."
मग मी बोललो. कसं कोण जाणे. "मॅडम, त्या दिवशीचं च्यक च्यक माझं."
उसाची ट्रॉली पुढं होती, गाडी तिच्या मागनं रांगत होती. उतरून पळावं वाटलं.
"चार दिवस शेजारी बसताय," त्या म्हणाल्या. "एवढ्यात सांगायला वेळ नाही मिळाला?"
म्हणलं, धीर झाला न्हाय.
"मैनाला पुन्हा शिकवावं लागतंय, तुमच्यासारख्या आवाजाकडं बघायचं नाही म्हणून. रोज संध्याकाळी. उद्यापासून दुसरीकडं बसा."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनि. १८
शेवटचा बाक. हाडं खिळखिळी.
शालनला अखेर सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग, "माफी मागितली का?"
"चूक कबूल केली की."
"ते वेगळं. चोर पण करतो कबूल."

सोम. २०
गाडी थांबल्यावर त्यांच्या बाकापाशी गेलो, हातभर लांब उभा राहिलो. मैना बघत पण न्हवती. शिकवणी लागू पडली.
"मॅडम, निवृत्ती बोलतोय. सणसरचा. माझं चुकलं. लागलं तुमाला माझ्यामुळं. माफ करा."
"ऐकलं," म्हणाल्या.
आणखी काही बोलतील म्हणून थांबलो. मागचा माणूस म्हणाला, डॉक्टर, उतरा की.

मंगळ. २१
स्टँडवर पाईपासाठी चर खणलाय. कालपर्यंत न्हवता. मॅडम उतरल्या, रोजच्या वाटेनं निघाल्या. चराच्या हातभर अलीकडं मैना थांबली. मॅडम म्हणाल्या चल. मैना त्यांच्या पायांपुढं आडवी बसली, हलेना.
झालं, अख्खं स्टँड बोलायला लागलं. डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, मागं या. एकानं दंड धरला, त्यांनी सोडवला. माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. आवळून धरलं तोंड. कानशिलं दुखली.
मॅडमनी पाय पुढं करून काठ चाचपला. मग खाली वाकून मैनाच्या मानेवरनं हात फिरवला आन् हळू काहीतरी बोलल्या. मैना उठली, वळली, रसवंतीच्या मागनं, फळवाल्याच्या पाट्या चुकवत घेऊन गेली. ती वाट मला पण सुचली नसती. बत्तीस वर्षांत असं काम करणारं जनावर बघितलं न्हवतं, आन् मी तिला बिस्किट दाखवत होतो.
फाटकापाशी पोचल्यावर मॅडम वळल्या आन् हात वर केला. मला का कंडक्टरबाईला, कळलं न्हाय. ती माझ्या मागंच उभी होती. मी पण हात वर केला. मग ध्यानात आलं, त्यांना दिसत न्हाय.
तरी लगेच खाली घेतला न्हाय.