फुलोरीला दिलेला धूर

तीर्थरूप आप्पा,

पायांवर डोकं ठेवते. आम्ही इथे खुशाल आहोत. फोनवर बोलायचं तर ह्यांना स्पीकर चालू लागतो, म्हणून हे पत्र. सकाळी कामाला येणाऱ्या कावेरीअक्का ते टपालात टाकतील.

बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर वारा छान येतो. बाल्कनीच्या कठड्याला फुलोरी माश्यांनी महिन्याभरात पोळं बांधलं होतं. हे म्हणाले, रविवारी औषध मारायला माणूस येईल. मग मीच धूर करायचं ठरवलं.

खाली निलगिरीचा पाला ढीगभर पडलाय, पण हे बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जातात. हल्ली चोऱ्या फार, म्हणतात. तसाही निलगिरीचा धूर तुम्हाला उग्रच वाटला असता. घरातच शोधलं. नारळाचं सोडण, संत्र्याची वाळलेली सालं आणि आईनं दिलेला गवती चहा. लवंग घेतली नाही, ती झोंबते. डब्याला भोकं पाडून पेटवलं आणि तुमच्यासारखा धूर आधी मनगटावर घेतला. गार लागला, तेव्हाच पोळ्याकडे नेला.

एकही माशी डसली नाही. सगळ्या पोळ्यात डोकी घालून मध प्यायला लागल्या. तुम्ही सांगायचात ना, घर सोडायचं ठरलं की माशी आधी पोट भरून घेते. दुसऱ्या दिवशी पोळं रिकामं होतं.

तुमचा खोकला कसा आहे? आपल्या मधाच्या पेट्या यंदा भरल्या का?

नीट जेवतेस ना, असं तुम्ही दर फोनला विचारता आणि मी हो म्हणते. ते खरं नव्हतं. परवापासून मात्र दोन्ही वेळ पोटभर जेवते आहे.

तुमची,
कुंदा