एकशे चाळीस पोस्टरं आणि एक सहावं बोट

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (बोटं दहाच आहेत. हे का सांगतोय, ते पुढे कळेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात तुझ्या ओळी उजवीकडे खाली घसरल्या होत्या, त्यावरून चष्म्याचा नंबर वाढलाय हे मी ताडलं. (ही म्हणते, ताईंनी ते मागच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. असेल.)

लोकांनी बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यावं म्हणून पोस्टरं करायचं काम मीच पालिकेतल्या आमच्या साहेबांच्या मागे लागून मिळवलं. पुलाच्या जिन्याचा कठडा आठवतो? महिनाभर डुगडुगत होता. हजारो माणसं त्याला धरून गेली, कुणी ब्र काढला नाही, आणि शेवटी शेजारच्या काकू पडल्या. ताई, मीही रोज तिथूनच जायचो. ते अजून डाचतं. म्हणून या कामात मी माघार घेणार नाही.

पहिल्या पोस्टरवर कपबशी धरलेला भला मोठा हात काढला, त्याला मुद्दाम सहा बोटं, आणि खाली मजकूर: ‘काय चुकलंय? ओळखा, आम्हाला लिहून कळवा.’ एकशे चाळीस बसथांब्यांवर लागली. तीन आठवडे झाले, एक पत्र नाही. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत एक तरी पत्र येऊ दे, नाहीतर पुढची पोस्टरं रद्द. (पुढच्यात कठडा आहे.)

मग मी स्वतःच थांब्यावर जाऊन उभा राहिलो. एकाने पोस्टरला पाठ टेकून डुलकी काढली. एक गृहस्थ पोस्टरवरच्या काचेसमोर बराच वेळ थांबले, माझा जीव भांड्यात पडला, तर त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला. शेवटी एक बाई अगदी जवळ आल्या, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, शर्टाची बटणं एक घर सोडून लागलीत.” मी घरी आलो. लोकांना दिसत नाही असं नाही, हे मात्र त्या दिवशी पटलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम असं. लहानपणी साखरेच्या डब्याचं झाकण किती फिरलंय यावरून तू मला पकडायचीस. तेव्हा ‘एक जागरूक नागरिक’ म्हणून सहाव्या बोटाबद्दल एक पत्र टाक ना. अक्षर जरा बदल.

ता. क. २. पाकीट चिकटवताना हिने विचारलं, “ताई लिहितील हो, पण कुठल्या पत्त्यावर?” पोस्टरवर आहे त्याच, म्हटलं, आणि उतरवून घ्यायला पोस्टर उलगडलं. ताई, पत्ता छापलेलाच नाही. मजकूर माझा, तपासणी माझी, ‘सर्व बरोबर’ अशी सहीही माझीच. तू पत्र टाकू नकोस. मी शिडी, ब्रश आणि काळा रंग घेऊन निघालोय. एकशे चाळीसही ठिकाणी पत्ता हाताने लिहिणार आहे. अजून नऊ दिवस आहेत. लोकांना आता खरोखर विचारून बघतो.